चरोद्यातला मुदतीचा ताप

पंचफुलाचा गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला जाळला, तेव्हा ऐश्वर्या रायपूरला प्रयोगशाळेत होती. तिनं ते मोबाइलवर पाहिलं. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. बहुतेक माणसं पाठमोरी होती. ठेला आडवा पडला होता, पुऱ्यांची काचेची पेटी फुटली होती, चिंचेचं पाणी रस्त्यावर पसरलं होतं. पंचफुला एका माणसाचा शर्ट धरून ओढत होती आणि तो तिला कोपरानं ढकलत होता. मग ज्वाळा दिसल्या. सगळ्या गलक्याच्या वर एका बाईचा आवाज आला, "जळू द्या! आमची पोर खाल्ली इनं! जळू द्या!"

तो आवाज ऐश्वर्याच्या आईचा होता.

वच्छलाबाईंना ओळखत नाही असं कॉलनीत कुणी नव्हतं. नवरा कृष्णराव मालगाडीचे गार्ड, गोंदियाकडून बदलून आलेले आणि निवृत्तीनंतर कॉलनीला लागूनच घर बांधून राहिलेले. कुणाकडे बारसं असो की तेरवी, चुलीपाशी वच्छलाबाई उभ्या असल्या की यजमान निर्धास्त. श्रावणात मंडळाचा भागवत सप्ताह व्हायचा, त्याचा काला त्याच करायच्या. ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, लिंबाचं लोणचं, सगळं मोठ्या परातीत घालून कोपरापर्यंत हातानं कालवायचं. कुणी डाव पुढे केला तर त्या म्हणायच्या, "डावानं कालवला तं तो काला होय का?"

शेजारच्या सुशीलाची रश्मी त्यांच्याच हाताखाली वाढली. सुशीलाचा नवरा यार्डात काम करताना गेला, त्याच्या जागी तिला रेल्वेत घेतलं. ती दिवसभर ऑफिसात. रश्मी शाळेतून आली की दप्तर वच्छलाबाईंच्या पलंगावर टाकायची आणि पाटावर बसायची. ऐश्वर्या नोकरीसाठी रायपूरला राहायला गेल्यावर तर त्या घरातली मुलगी रश्मीच झाली. बारावीला होती. वच्छलाबाई तिच्या केसांना तेल लावता लावता तिच्याकडून इंग्रजीचे धडे वाचून घ्यायच्या, कळत काही नसे, पण ऐकायच्या.

श्रावण संपायच्या आत कॉलनीत ताप सुरू झाला. आधी डॉक्टर व्हायरल म्हणाले, मग रक्त तपासल्यावर टायफाइड निघाला. जुनी माणसं त्याला मुदतीचा ताप म्हणतात. मुदत भरली की उतरतो, असा त्यांचा भरवसा. या वेळी तो उतरेना. नेहमीच्या गोळ्या लागू पडत नव्हत्या. रश्मीचा ताप तिसऱ्या आठवड्यातही तसाच राहिला, मग एका सकाळी तिच्या पोटात असह्य दुखायला लागलं. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती वाचली नाही. कॉलनीतला गणपती त्या वर्षी वाजंत्रीशिवाय विसर्जित झाला.

मग कुणीतरी म्हणालं, सगळ्या पोट्ट्या शाळेजवळ त्या पंचफुलाच्या ठेल्यावर गुपचुप खातात. पंचफुला यार्डामागच्या वस्तीत राहायची. तिथं नळ एकच आणि नाली उघडी. एवढं पुरलं.

ऐश्वर्या दुसऱ्याच दिवशी चरोद्याला आली. वच्छलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, तू होती त्याच्यात."

"होती. मंग?"

"कोणी मेलं असतं तर? ती बाई जळाली असती."

"आमची मेली नं!" वच्छलाबाईंनी सूप खाली आपटलं. "त्या पोरीले शेवटची आंघोळ म्या घातली. हे एवढुसं झालं होतं तिचं आंग. अन तू त्या बाईची वकिली कराले आली?"

"तिच्यापासूनच झालं कशावरून?"

"अख्ख्या कॉलनीले मालूम आहे."

"कॉलनीले काहीच मालूम नाही. तपासल्याशिवाय मलेही नाही."

"मंग तपास! तुही मशीन कायले आहे? तपास अन लिहून दे, म्हंजे पोलीस तिले इथून हाकलतीन."

पोलीस आले होते. त्यांनी पंचफुलाला सांगितलं, आपसात मिटवा.

जिल्ह्याचं आरोग्य पथक आणि ऐश्वर्याची प्रयोगशाळा यांनी मिळून तपास हाती घेतला. पाण्याचे नमुने घेतले, आजारी माणसांच्या रक्तातून वाढवलेले जंतू दवाखान्यांतून मागवले. टायफाइडचे जंतू कधी कधी धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं राहतात, म्हणून दहा माणसांना खाऊ घालणाऱ्या प्रत्येकाच्या शौचाचे नमुनेही घ्यायचे ठरले. शाळेचा स्वयंपाकी, चहावाला, मंडळात राबणाऱ्या बायका आणि पंचफुला.

पंचफुलाकडे ऐश्वर्या पथकातल्या नर्सबरोबर गेली. दारात ठेल्याची जळकी चाकं पडली होती. पंचफुला उंबऱ्यावर उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"तू वच्छलाबाईची पोरगी नं?"

"हो."

"तुह्या मायनं पेटवलं, अन तू आता डब्बी घेऊन आली. मले खोटं ठरवाचं बाकी राह्यलं होतं का?"

"पंचफुलाताई, मी तुम्हाले दोषी ठरवाले नाही आली. तुमच्यात काही नसन तर तेही याच्यातून कळन."

"अन असन तर?"

ऐश्वर्यानं डबी पुढे केली.

पंचफुलानं डबी हिसकून घेतली. "देते. भेव वाटते म्हनून नाही देत. तुमची तोंडं बंद कराले देते. अन तू पुन्हा माया दारात येऊ नको. ह्या नर्सबाईले पाठव."

वच्छलाबाईंनी मात्र स्वतः होऊन नमुना दिला. मंडळातल्या बाकीच्या बायका लाजत होत्या, तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्यात काय लाजाचं? पहिले माया घ्या. आमचं काही लपवासारखं नाही." त्यांचं पाहून सगळ्यांनी दिले.

प्रयोगशाळेत नमुन्यांवर नावं नव्हती. ऐश्वर्या त्याच कॉलनीतली, म्हणून तिचे वरिष्ठ प्रशांत सर यांनी कोणता नमुना कुणाचा हे फक्त स्वतःकडे ठेवलं होतं. काम मात्र तीच करत होती. टायफाइडच्या जंतूचा जिनोम म्हणजे जवळपास अठ्ठेचाळीस लाख अक्षरांचा मजकूर. जंतू वाढतो तेव्हा तो मजकूर उतरवला जातो, आणि उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच जाते. ज्या दोन माणसांच्या जंतूंत त्याच त्या चुका सापडतात, त्यांचा आजार एकाच ठिकाणाहून आलेला असतो.

चरोद्याच्या रोग्यांचे जंतू एकमेकांशी जवळपास अक्षर न अक्षर जुळले. रश्मीचाही त्यांतच होता. ठेल्यावर पाणी जिथून यायचं त्या नळाच्या पाण्यात टायफाइडचा जंतू नव्हता. पाणी स्वच्छ होतं असं नाही, पण हा जंतू त्यात नव्हता. पंचफुलाच्या नमुन्यातही नव्हता, असं प्रशांत सरांनी यादी पाहून सांगितलं. तो नंतरही दोनदा तपासला, तरी नव्हता.

एका निरोगी माणसाच्या नमुन्यात होता.

त्या एका नमुन्यातून वेगवेगळे वाढवलेले जंतू आपसातच थोडे थोडे वेगळे निघाले. म्हणजे त्या शरीरात ते फार वर्षं राहिले होते, तिथेच त्यांच्या फांद्या फुटल्या होत्या. कॉलनीतले सगळे रोगी त्यातल्या एका फांदीवर बसत होते. उलटं असणं शक्य नव्हतं. ताप त्या माणसाकडून कॉलनीत गेला होता.

"सर, हा कोण आहे?" ऐश्वर्यानं विचारलं. "त्याला आधी गाठलं पाहिजे."

प्रशांत सरांनी आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. ते जुनवानीचे, भिलाईतच वाढलेले, एरवी अर्धं बोलणं हिंदीत. त्यांनी यादी पुन्हा वरून वाचली.

"सर?"

"तू जरा चहा घेऊन ये, ऐश्वर्या."

"नाव सांगा, सर."

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

तिला पहिल्यांदा आठवलं ते आईचं पोटदुखीचं. उजव्या बरगडीखाली धरून आई म्हणायची, पित्त झालं, आणि सोडा पिऊन पुन्हा कामाला लागायची. सोनोग्राफीत खडे दिसले होते. ऑपरेशन करा म्हणालेल्या डॉक्टरकडे आई परत गेली नव्हती. गोंदियाला असताना, ऐश्वर्याच्या जन्माआधी, तिला मोठा ताप आला होता आणि केस गळाले होते, हे घरात कधीतरी गमतीनं सांगितलं जायचं.

"देख," प्रशांत सर म्हणाले, "नाव बाहेर जाणार नाही. आरोग्य अधिकारी घरी जातील, औषध सुरू करतील, पित्ताशय काढावं लागेल. दुसऱ्यांसाठी स्वयंपाक बंद. तुझ्या आईनं मुद्दाम काही केलेलं नाही. कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं."

"तिनं ठेला पेटवायला लावला, सर."

त्यांनी स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवला.

अधिकारी घरी गेले आणि हात हलवत परत आले. वच्छलाबाईंनी त्यांना ओसरीतूनच घालवलं होतं. 'माया घरात कोणाले ताप नाही, तुमचे डब्बे बदलले असतीन.' मुलीला त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुह्या ऑफिसातले बेअक्कल आहेत."

त्याच आठवड्यात मंडळाच्या हॉलमध्ये सभा झाली. मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी, वयानं मोठे आणि आवाजानंही, त्यांनी ती बोलावली होती. पंचफुलाही आली आणि दाराजवळ उभी राहिली. तिच्याजवळची खुर्ची लगेच रिकामी झाली.

ऐश्वर्यानं सांगितलं, ठेल्याचा या तापाशी संबंध नाही. पंचफुलाताईंचा संबंध नाही.

"मंग कोनाचा आहे?" भैय्याजी म्हणाले.

"ते नाव सांगता येत नाही. नियम आहे. त्या माणसाले स्वतःले माहीत नव्हतं."

हॉलमध्ये एकदम आवाज चढले. आमची पोरं दवाखान्यात पडली अन नियम सांगून राहिली. सरकारी लोक असेच. एक जण म्हणाला, इसको कितना मिला? मागून कुणी शिट्टी मारली. सुशीला पहिल्या रांगेत बसली होती. ती ऐश्वर्याकडे एकटक पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

आणि मग वच्छलाबाई उभ्या राहिल्या.

"नाव सांग," त्या म्हणाल्या. "माही पोरगी असशीन तर इथं, सगळ्यांच्या समोर नाव सांग. कोनं मारलं रश्मीले?"

"आई, बस."

"नाही बसत! ही सुशीला इथं बसून आहे, तिच्या तोंडाकडे पाह्य अन सांग. नाही सांगत नं? म्हंजे हीच आहे." त्यांनी दाराकडे बोट केलं. "हिलेच वाचवून राहिली. काय दिलं वं हिनं तुले?"

टाळ्या पडल्या. पंचफुला निघून गेली. जाताना तिनं ऐश्वर्याकडे असं पाहिलं की ऐश्वर्याला वाटलं, हिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी पोचल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि आईला समोर बसवलं. कृष्णराव खुर्चीत होते. अधिकाऱ्यांनी जे आडवळणानं सांगितलं होतं ते तिनं सरळ सांगितलं. गोंदियाचा ताप, खडे, श्रावणातला काला. रश्मीच्या रक्तातला जंतू आणि आईच्या पोटातला जंतू.

वच्छलाबाईंनी ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "तू म्हनतं का रश्मीले म्या मारलं."

"तू मारलं नाही. तुला माहीत नव्हतं."

"रोज जेऊ घातलं तिले. माया हातानं."

"आई, औषध घे. ऑपरेशन करू. तोपर्यंत बाहेरच्या कुणाले—"

"निंघ इथून."

"आई—"

"निंघ! पोटची पोर असून मायच्या आंगावर मढं टाकतं? बाहेरचा वैरी परवडला. त्या वस्तीतल्या बाईसाठी तू मले खुनी ठरवतं? हे घ्या हो, ऐका, काय शिकवलं पोरीले तुमी!"

कृष्णराव उठले. ऐश्वर्याला वाटलं, ते मध्ये पडतील. त्यांनी तिची बॅग उचलून ओसरीत नेऊन ठेवली. "जाय तू," ते म्हणाले. "अन हे कुठं बोलशीन तं या घरी येऊ नको."

नवरात्र लागलं. वच्छलाबाईंनी औषधाची गोळी घेतली नाही. उलट त्या कॉलनीत सांगत सुटल्या की यंदा अष्टमीला कन्याभोजन माया घरी. कृष्णरावांनी फोन करून हे ऐश्वर्याला सांगितलं. त्यांचा आवाज बदलला होता. "मी बोललो तिले, निदान यंदा नको करू. तं म्हनते, पोरी जेवतीन अन कोनालेच काही होनार नाही, मंग पाहा कोन खोटं आहे ते."

"बाबा, थांबवा तिला."

"तूच ये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ती पोचली तेव्हा पंगत बसली होती. लहान लहान मुली, कपाळाला कुंकू, डोक्यावर लाल ओढण्या. त्यांच्या आया भिंतीला टेकून कौतुकानं पाहत होत्या. रश्मी गेल्यापासून कुठंही न जाणारी सुशीलासुद्धा आली होती. वच्छलाबाईंनी आग्रहच तसा केला होता. पुऱ्या, खीर, भाजी गरम होती. वच्छलाबाई मोठ्या भांड्यात काकडी-दह्याची कोशिंबीर हातानं कालवत होत्या. मुलीला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"आई, हे वाढू नको."

"पोरींनो, हात जोडा," वच्छलाबाई म्हणाल्या.

ऐश्वर्यानं भांडं उचललं, अंगणात नेलं आणि नालीत ओतलं.

वच्छलाबाई मागोमाग आल्या आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. दह्याचा हात होता. ओसरीतल्या मुली रडायला लागल्या. "देवीचं जेवन नालीत टाकलं!" कुणी आई ओरडली. दुसरी म्हणाली, पागल हो गई है क्या. वच्छलाबाई वळून शांतपणे म्हणाल्या, "बसा पोरींनो, उठू नका. काकड्या आहेत घरात. मी दुसरी करते." आणि आयांनी मुलींना खांदे दाबून पुन्हा पाटावर बसवलं.

ते पाहिल्यावर ऐश्वर्याजवळ दुसरा मार्ग राहिला नाही.

"इथं कुणी जेवू नका," ती म्हणाली. "ताप आईपासून आला आहे. तिच्या पित्ताशयात आहेत ते जंतू. काल्यातून गेले. मी तपासलं आहे."

 मग एका बाईनं आपल्या मुलीला दंडाला धरून उचललं, तिचा हात आपल्या पदरानं घासून पुसला आणि चपला हातात घेऊन निघाली. तिच्या मागे दुसरी निघाली. वाढलेली ताटं तशीच राहिली.

सुशीला मात्र हलली नाही. ती वच्छलाबाईंकडे गेली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"वच्छलाताई, तिचा ताप चढला होता तवा दहीभात कोनं आनला होता?"

वच्छलाबाईंनी दह्याचा हात पदराला पुसला.

"तिले जात नव्हतं. उलटी होत होती. तुमी म्हनल्या, दोन घास खाय माया हातचे, बरी होशीन. मी तिचं डोकं धरलं होतं, ताई. मी."

"मले मालूम नव्हतं वं, सुशीला."

"पंचफुलाले मालूम होतं का?" सुशीला म्हणाली. "तिले तं तुमी जाळाले निंगाल्या होत्या." ती थुंकली. वच्छलाबाईंच्या पायाशी, अंगणात. आणि गेली.

दुपार व्हायच्या आत घराच्या गेटसमोर माणसं जमली. ठेला जाळताना जी होती, त्यांतली बरीचशी हीच होती. भैय्याजी पुढे होते. बाईले बाहेर काढा, म्हणत होते. मंडळाची भांडी कुणीतरी रस्त्यावर आणून आपटली. वच्छलाबाई वर्षानुवर्षं ज्या परातीत काला करायच्या, ती परात चेपून नालीत फेकली. एक विटेचा तुकडा खिडकीवर आला. कृष्णराव हात जोडत राहिले, त्यांचं कुणी ऐकलं नाही. ऐश्वर्या गेटला पाठ लावून उभी होती. "औषध आहे! ऑपरेशन आहे! जवळ आल्यानं होत नाही हा रोग!" ती ओरडत होती आणि तिचाच आवाज तिला ऐकू येत नव्हता.

कुणी वस्तीत जाऊन पंचफुलाला बोलावून आणलं होतं. चल, पाह्य आता तिची गंमत. ती आली तेव्हा लोकांनी वाट करून दिली. भैय्याजी म्हणाले, "ये बाई. बोल आता तिले काय बोलाचं ते. तुहा हक आहे."

पंचफुलानं घराकडे पाहिलंही नाही. ती भैय्याजींकडे पाहत होती.

"माचिस आनली का?"

"काय?"

"माया ठेल्याच्या टाइमले आनली होती नं. तुह्याच खिशातून निंगाली होती. मंग आता घर जाळा की. इचं पक्कं आहे, तिची पोरगी तपासून सांगून राहिली. माह्यं तं पक्कंही नव्हतं." ठेला जळताना ज्याचा शर्ट तिनं धरून ओढला होता, त्या माणसाकडे ती वळली. "तू? तू काऊन मांगं उभा? ये नं समोर. पक्कं घर आहे म्हनून भेव वाटते? रिटायर गार्डचं घर आहे म्हनून?"

माणसं इकडेतिकडे पाहू लागली. कुणी मोबाइल काढला होता, त्यानं तो खाली घेतला. पंचफुला तिथं उभी राहून एकेकाला नावानं शिव्या देत राहिली, घशाला कोरड पडेपर्यंत. ते एकेक करून पांगले. शेवटी भैय्याजीही गेले.

"पंचफुलाताई," ऐश्वर्या म्हणाली, "माफ—"

"तुह्या मायसाठी नाही आली मी," पंचफुला म्हणाली. "तिले मी माफ करनार नाही, मरेपर्यंत. अन तुलेही नाही. सभेत गप बसली होती तू."

आत वच्छलाबाई मांडलेल्या पाटांच्या मध्ये जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कृष्णरावांना सांगितलं, दवाखान्यात न्या मले. मुलीला नाही सांगितलं.

ऑपरेशन रायपूरला झालं. काढलेल्या खड्यांमध्येही तोच जंतू सापडला. लांबलचक औषधाचा कोर्स झाला, नंतरचे नमुने पुन्हा पुन्हा तपासले, ते स्वच्छ निघाले. कॉलनीत नवा रोगी आला नाही. एका रोग्याचं नाव चारचौघांत सांगितलं म्हणून प्रयोगशाळेनं ऐश्वर्याकडून खुलासा मागवला आणि तिला साथींच्या तपासातून काढून दुसऱ्या कामावर टाकलं. प्रशांत सरांनी तिच्या बाजूनं लिहिलं, पण चूक झाली नाही असं त्यांनीही लिहिलं नाही. सुशीलानं बिलासपूरला बदली मागून घेतली आणि कुणाला न सांगता क्वार्टर रिकामं केलं. मंडळानं पंचफुलाला नवा ठेला देऊ केला. तिनं तो परत पाठवला आणि रसमड्याला कारखान्याच्या गेटबाहेर भजी तळायला लागली. चरोद्यात ती पुन्हा धंद्याला आली नाही.

ऐश्वर्या थंडी पडल्यावर घरी गेली. शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला, हे तिला स्वतः सांगायचं होतं. वच्छलाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या, बऱ्याच वाळल्या होत्या. रस्त्यानं जाणाऱ्या बायका त्या बाजूला पाहत नव्हत्या. त्याही पाहत नव्हत्या.

"आई, आता तुझ्यात काही नाही. तू स्वयंपाक करू शकते, सगळ्यांसाठी."

"कोन खानार?"

ऐश्वर्या बाजूला बसली.  मग वच्छलाबाईंनी तिच्याकडे न पाहता विचारलं, "एक सांग. तिले ते काल्यातून गेलं का घरच्या जेवनातून?"

"कुणाले?"

"कुणाले म्हनून इचारतं? रश्मीले. काल्यातून गेलं असन तं तो साऱ्यांनीच खाल्ला. घरचं असन तं ते मी एकट्या तिलेच देत होती."

ऐश्वर्यानं खोटं बोलायचा विचार केला. काल्यातून, म्हणणं सोपं होतं.

"ते नाही कळत, आई. जंतू तुझा होता एवढंच कळते. कोणत्या दिवशी, कोणत्या घासातून, ते नाही कळत."

वच्छलाबाईंनी मान हलवली.

"मंग काय कामाची तुही मशीन," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्यांनी दार लावलं नाही, पण तिला आत ये असंही म्हटलं नाही. ऐश्वर्या संध्याकाळच्या गाडीपर्यंत अंगणातच बसून राहिली.